अ‍ॅडॅप्टर लावलाय, दिवाही लागतो, तरी लॅपटॉपची बॅटरी भरत नाही

रामबागची_लेखणी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आहे. एकूण ९६ पानं, त्यातली ७० लावून झालीत. आणि नेमका आत्ताच लॅपटॉपने त्रास सुरू केलाय.

लॅपटॉप सहा वर्षांचा, चौदा इंची. अ‍ॅडॅप्टर लावला की चालतो. पण खालच्या कोपऱ्यात बॅटरीच्या चित्रावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं येतं आणि आकडा हलत नाही. लाईट गेली की मशीन तत्काळ बंद. पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी एकदा तरी लाईट जातेच. परवा संपादकीयाचं अख्खं पान दोनदा टाइप करावं लागलं.

दुकानात नेला. त्यांनी अ‍ॅडॅप्टरच्या पिनला मीटर लावून १९.५ व्होल्ट दाखवले. म्हणाले अ‍ॅडॅप्टर एकदम ठीक, बॅटरी संपली. २,८०० रुपये देऊन नवी बसवली. नवी आली तेव्हा ३५ टक्के होती. थोडा वेळ तशीच वापरली, ११ टक्क्यांवर आली, मग अ‍ॅडॅप्टर लावला तर ११ ची ११. परत गेले तर आता म्हणतात मदरबोर्डवरचा चार्जिंग सेक्शन गेला, ६,५०० रुपये आणि चार दिवस. चार दिवस लॅपटॉप देणं मला शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर एकदा चुकलेल्या निदानावर पुन्हा पैसे घालायला मन घेत नाही.

आणखी दोन गोष्टी, कामाच्या असतील तर. हल्ली पान खाली सरकवलं तरी अडखळत सरकतं, फाईल मोठी झाल्यामुळे असेल. आणि सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात, एंटर दाबलं की पुढे जातो. ते बहुधा अपडेटचं काहीतरी आहे.

कुणी नीट वाट दाखवेल का?

सुदामानगर_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९:५८

ताई, सगळ्यात आधी फाईल पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

मग हे करून बघा, यात पैसे लागत नाहीत. लॅपटॉप बंद करा, अ‍ॅडॅप्टर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. सोडा, अ‍ॅडॅप्टर लावा, सुरू करा. नाहीच झालं तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात ‘बॅटरीज’खाली ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ अशी लांबलचक ओळ असते, तिच्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. घाबरू नका, विंडोज ती स्वतः पुन्हा बसवतं. माझ्या बहिणीचा लॅपटॉप एवढ्यावर सुरळीत झाला होता.

रामबागची_लेखणी | सोमवार, रात्री १०:३५

फाईल घेतली, दोन ठिकाणी. बाकी दोन्ही उपाय केले. अजून ११ टक्केच.

पोहेजलेबी | सोमवार, रात्री १०:४१

ताई, बॅटरी एकदा पूर्ण शून्यावर न्या, मशीन आपोआप बंद पडू द्या, मग रात्रभर चार्जिंगला लावा. असं तीनदा केलं की नव्या बॅटरीला सवय लागते.

ग्वाल्हेरचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१५

वरचा सल्ला कृपया अमलात आणू नका. देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केली की त्या बॅटरीला तेवढ्याच क्षमतेची ‘आठवण’ राहायची, म्हणून ती पूर्ण रिकामी करायची पद्धत होती. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हिच्यात ती खोड नाही. उलट हिला तळ गाठायला लावणं हाच हिच्यावरचा अत्याचार. एका सेलचा पूर्ण भरल्यावरचा विजेचा दाब साधारण ४.२ व्होल्ट. तो अडीच व्होल्टच्या बराच खाली जाऊन तिथेच राहिला, तर आतल्या पातळ तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं आणि नंतर चार्ज करताना ते नको तिथे जाऊन बसतं. म्हणूनच बॅटरीच्या आत एक पहारेकरी सर्किट असतं, ते मर्यादा ओलांडली की दार लावून घेतं.

पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याचा एकच उपयोग, टक्क्यांचा आकडा चुकीचा दाखवत असेल तर तो जागेवर येतो. बॅटरीची ताकद त्याने वाढत नाही.

बाईंची बॅटरी नवी आहे, ३५ वरून ११ वर व्यवस्थित उतरली आहे. म्हणजे ती वीज देते आहे. तिच्यापर्यंत वीज पोचत का नाही, हे शोधायला हवं.

पोहेजलेबी | मंगळवार, सकाळी ७:०२

मास्तर, धन्यवाद. मी आजवर सगळ्यांना हेच सांगत आलो होतो. आता थांबवतो.

जेलरोडचं_टेबल | मंगळवार, सकाळी ११:२०

ताई, मी चौदा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय. बोर्डाला हात लावू देऊ नका, निदान आज तरी. तुम्ही शेवटी जाता जाता ज्या दोन गोष्टी लिहिल्यात, त्याच मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात.

तीन प्रश्न. एक, त्या काळ्या पडद्यावरच्या दोन ओळींचा मोबाईलने फोटो काढा आणि काय लिहिलंय ते इथे लिहा. दोन, मशीन अडखळतं ते अ‍ॅडॅप्टर लावलेला असतानाच, की काढल्यावरही? तीन, अ‍ॅडॅप्टरची वायर किंवा पिन कधी दुरुस्त करून घेतली होती का?

रामबागची_लेखणी | मंगळवार, दुपारी १:१०

दादा, तिन्ही उत्तरं.

फोटो काढला. लिहिलंय की पॉवर अ‍ॅडॅप्टरचा प्रकार आणि वॅट ओळखता येत नाहीत, सिस्टिम हळू चालेल आणि बॅटरी चार्ज होणार नाही. इतके दिवस मी हे वाचलंच नव्हतं! एंटर, एंटर करत होते.

अडखळतं ते अ‍ॅडॅप्टरवर असतानाच. आत्ता दोन मिनिटं काढून बघितला तर पान झरझर सरकतंय.

आणि हो, जूनच्या शेवटी उंदराने पिनेजवळची वायर कुरतडली होती. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याने तेवढा तुकडा कापून नवीन पिन लावून दिली, १५० रुपये घेतले. लगेच मशीन चालू झालं, म्हणून ती गोष्ट डोक्यातूनच गेली.

जेलरोडचं_टेबल | मंगळवार, दुपारी ३:४५

मग सापडलं. शंभर टक्के सिद्ध व्हायचंय, पण मी पैज लावायला तयार आहे.

तुमच्या अ‍ॅडॅप्टरची जुनी पिन आठवा. गोल नळी आणि तिच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन. पुष्कळांना वाटतं ती मधली पिन म्हणजे प्लस. तसं नाही. नळीची आतली भिंत प्लस, बाहेरची बाजू मायनस, आणि मधली सुई वीज नेण्यासाठी नाहीच. ती निरोपाची. अ‍ॅडॅप्टरच्या डब्यात एक छोटी चिप असते. लॅपटॉप त्या सुईतून तिला विचारतो, तू कोण, किती वॅटचा? चिप उत्तर देते, मी ६५ वॅटचा. उत्तर मिळालं की मगच लॅपटॉप बॅटरी भरायला घेतो.

तुमची वायर सोलली की आत तीन पदर दिसतात. बाहेर विणलेली तांब्याची जाळी, तिच्या आत जाड प्लस, आणि एक केसासारखी बारीक वायर. ही तिसरी वायर इतकी नाजूक असते की सोलताना ब्लेडखाली तुटते, किंवा दुरुस्त करणारा ती कशाची म्हणून कापूनच टाकतो. दोन वायरी जोडल्या, मीटरवर १९.५ आले, मशीन चालू झालं, काम झालं असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. दुकानदारालाही मीटरने तेच सांगितलं. मीटर व्होल्ट मोजतो, निरोप त्याला ऐकू येत नाही.

आता लॅपटॉपच्या जागी स्वतःला ठेवा. समोरचा अ‍ॅडॅप्टर ४५ चा की ९० चा, काही कळत नाही. जास्त ओढलं तर तो तापून जाईल. म्हणून तो सावध होतो, प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि बॅटरी भरणं बंद ठेवतो. तुमची फाईल मोठी झालेली नाही ताई, मशीन मुद्दाम दबकून चालतंय.

पडताळा असा. ओळखीत कुणाकडे त्याच कंपनीचा, तशाच पिनेचा, ६५ वॅट किंवा जास्तीचा, कधीही न उघडलेला अ‍ॅडॅप्टर असेल तर अर्ध्या तासासाठी मागा. डब्यावरचे आकडे वाचा, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असं असेल, गुणाकार ६५ च्या आसपास येतो. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. लावून मशीन सुरू करा. त्या दोन ओळी आल्या नाहीत तर बोर्ड शाबूत आहे.

बडोद्याचा_वायरमन | मंगळवार, सायंकाळी ५:३०

+१. वरची पोस्ट जपून ठेवण्यासारखी आहे.

एक भर घालतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) गेलात तर बॅटरीच्या पानावर अ‍ॅडॅप्टरचे वॅट लिहिलेले असतात. तिथे ‘अननोन’ दिसलं तर विंडोज, ड्रायव्हर, अपडेट या सगळ्यांना बाजूला ठेवता येतं, कारण तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. माझ्या मते ही तपासणी दुकानाची पायरी चढण्याआधी प्रत्येकाने करावी.

सुदामानगर_एक्सप्रेस | मंगळवार, सायंकाळी ६:०५

मी ताईंना ड्रायव्हर उडवायला लावला, पण ती ओळ वाचायला सांगायचं सुचलं नाही. शिकलो.

यातच माझंही विचारून घेतो. माझा नवा लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होतो. कंपनीचा अ‍ॅडॅप्टर हॉस्टेलवर राहिला, म्हणून मोबाईलचा ६७ वॅटवाला चार्जर लावला. लॅपटॉप बंद असताना हळूहळू भरतो, चालू केला की भरत नाही. ६७ म्हणजे ६५ पेक्षा जास्तच ना भिया?

बडोद्याचा_वायरमन | मंगळवार, सायंकाळी ६:४०

डब्यावर ६७ असलं तरी ते बहुतेक वेळा त्या मोबाईलशी असलेल्या खास बोलीत मिळतात. लॅपटॉपला ‘पॉवर डिलिव्हरी’ (पीडी) ही बोली समजते आणि त्याला २० व्होल्ट हवे असतात. चार्जरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ची ओळ वाच. पीडीच्या पुढे ५ आणि ९ व्होल्टच असतील तर तुझं कोडं सुटलं. ९ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे जेमतेम २७ वॅट. बंद मशीन तेवढ्यावर हळूहळू भरेल, चालू मशीन तेवढं स्वतःच खाऊन टाकेल.

दुसरी गोष्ट केबल. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्या पुढे जायचं तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. बघ, तिथेही पुन्हा ओळखीचाच प्रश्न.

आणि कुणाची बॅटरी नेमकी ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल, तर धाव घेण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बॅटरी जपण्याची सेटिंग चालू आहे का ते पाहा. ती बिघाड नाही, उलट चांगली सवय आहे. आमच्याकडे बडोद्यात मे महिन्यात आणखी एक प्रकार होतो. दुपारी गादीवर ठेवलेला लॅपटॉप चार्ज घेणं थांबवतो, कारण सेल साधारण ४५ अंशांच्या वर गेले की पहारेकरी दार लावतो. टेबलावर ठेवा, पंख्याखाली निवू द्या, पुन्हा सुरू होतं.

लष्कर_ग्वाल्हेर | मंगळवार, रात्री ८:१२

मध्येच विचारते, क्षमस्व. माझाही चार्ज होत नाही, पण त्याबरोबर टचपॅड वर आल्यासारखं झालंय, दाबलं तर खटका लागत नाही. झाकणही एका बाजूने नीट मिटत नाही. मुलगा म्हणतो वरून जड पुस्तक ठेव, बसेल खाली.

जेलरोडचं_टेबल | मंगळवार, रात्री ८:१५

ताई, पुस्तक ठेवू नका! आत्ता लगेच अ‍ॅडॅप्टर काढा, लॅपटॉप बंद करा. बॅटरी फुगलीय. आत वायू साठलाय. दाब पडला किंवा टोचलं गेलं तर पेट घेऊ शकते. पलंगावरून, पडद्याजवळून उचला, उघड्या फरशीवर ठेवा, मुलांना लांब ठेवा. पुन्हा चार्जिंगला लावून बघायचं नाही, स्वतः उघडायचं नाही. उद्या दुकानात नेताना सपाट धरून न्या, आणि बॅटरी फुगलीय हे दारातच सांगा.

ग्वाल्हेरचा_मास्तर | मंगळवार, रात्री ८:३१

लष्कर_ग्वाल्हेर, मीही ग्वाल्हेरातच, बाड्याजवळ राहतो. खासगी निरोपात तुमची गल्ली कळवा. माझा एक विद्यार्थी हे काम करतो, सकाळी त्याला घेऊन येतो. पुस्तक ठेवलं नाहीत ना?

लष्कर_ग्वाल्हेर | मंगळवार, रात्री ८:४०

नाही ठेवलं. फरशीवर, गॅलरीच्या दाराशी ठेवलाय. निरोप पाठवते. फार आभार काका.

रामबागची_लेखणी | मंगळवार, रात्री ११:०८

जेलरोडदादा, तुमच्या तोंडात साखर पडो.

शेजारच्या वहिनींचा भाचा शिकायला आलाय, त्याच्याकडे तसाच अ‍ॅडॅप्टर निघाला. ६५ वॅटचा, मधली सुई शाबूत. माझ्या दुरुस्त केलेल्या पिनेतही सुई आहे, पण आता जवळून बघितलं तर ती नुसती टोपणात रोवलेली आहे, तिला मागे काही नाही.

लावला. बटण दाबलं. काळा पडदा आला आणि सरळ विंडोज उघडलं, त्या दोन ओळी आल्याच नाहीत. मी कोपऱ्याकडे बघत बसले. ११. ११. मग १२. वहिनींना हाक मारून दाखवलं. आत्ता ६४ टक्के आहेत, आणि पानं पाण्यासारखी सरकताहेत.

आता दोन प्रश्न. माझा जुना अ‍ॅडॅप्टर नीट होईल का? आणि माझी जुनी बॅटरी, जी दुकानदाराने संपली म्हणून काढली, ती खरंच संपली होती का? ती घरी आणलीय मी.

जेलरोडचं_टेबल | बुधवार, सकाळी १०:५०

फार बरं वाटलं ताई.

अ‍ॅडॅप्टर नीट होऊ शकतो. तीन वायरींची तयार दोरी पिनेसकट मिळते, डबा उघडून आत झाळावी लागते. पण तुमच्या बाबतीत मी नवा अ‍ॅडॅप्टर घ्या म्हणेन. उंदराने कुरतडताना बारीक वायर प्लसला टेकली असेल, तर डब्यातली चिपच जळलेली असू शकते, मग नव्या दोरीनेही निरोप जाणार नाही. तुमचं नशीब की लॅपटॉपकडची ओळखीची लाईन शाबूत राहिली. नवा घेताना डब्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर आहे का ते बघा. नुसतं ‘सूट होतो’ म्हणून दिलेला, खुणेशिवायचा घेऊ नका. आणि दुकानातच लावून, बायोसमध्ये ६५ वॅट लिहून आलेलं बघून मगच पैसे द्या.

बॅटरीबद्दल. जुनी फुगलेली नसेल, सपाट असेल, तर कुणाकडून तरी एकदा बसवून घ्या आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून जागा सोडा, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’. इंग्रजी अक्षरांत अर्थातच. एक फाईल तयार होते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असतानाची क्षमता) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता पूर्ण भरल्यावरची) हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

रामबागची_लेखणी | शनिवार, दुपारी ४:२०

उशिरा लिहितेय, शेवटची पानं चालली होती.

नवा अ‍ॅडॅप्टर आणला, ६५ वॅट, खुणा सगळ्या तपासून, बायोस बघून. दुकानातला मुलगा म्हणाला, असं बघून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

वहिनींच्या भाच्याने जुनी बॅटरी बसवून रिपोर्ट काढला. डिझाइन ४२,०००, फुल चार्ज २९,५००. म्हणजे सहा वर्षांनंतर सत्तर टक्के शिल्लक होती. मला वाईट वाटलं. २,८०० रुपयांसाठी नाही, ती अजून दीड-दोन तास काम करत होती आणि आपण तिला संपली म्हणून बाहेर काढलं, म्हणून.

ग्वाल्हेरचा_मास्तर | शनिवार, सायंकाळी ५:०५

मग टाकू नका. निम्मी भरून, काढून, टोकांवर चिकटपट्टी लावून थंड कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून ठेवू नये, रिकामीही ठेवू नये. तीन-चार महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा.

लष्करच्या बाईंची बॅटरी बुधवारीच काढली. मधोमध पुरीसारखी टम्म फुगली होती. लॅपटॉप शाबूत आहे.

सुदामानगर_एक्सप्रेस | शनिवार, सायंकाळी ५:४०

आणि पुढे कधी टाकायचीच झाली तर ओल्या-सुक्या कचऱ्यात नको ताई. आपल्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, गाडीवाल्या भियाच्या हातात द्या आणि बॅटरी आहे असं सांगा. गाडीत दाबली गेली तर आग लागते.

रामबागची_लेखणी | शनिवार, रात्री ८:५०

मास्तर म्हणतात तशी निम्मी भरून, टोकांवर चिकटपट्टी लावून स्टीलच्या कपाटात ठेवली. वर कागद चिकटवला: ‘चालू आहे, ७० टक्के’, आणि तारीख.

आत्ता आठ वीसला लाईट गेली होती. मी ९१ व्या पानावर प्रुफं बघत होते. पडदा तसाच उजळ राहिला, कोपऱ्यात ९८ टक्के. लाईट येईपर्यंत चार पानं तपासून झाली. एकच राहिलंय.